अकराशे बेचाळीसचं पारायण

"वाचलीय," असं अश्लेषा म्हणाली आणि तिथेच सगळा घोळ झाला.

"चाळलीय" म्हणाली असती तर निभावलं असतं. "नाव ऐकलंय" म्हणाली असती तरी हरिश्चंद्र सरांनी मान डोलावून विषय बदलला असता. पण मुलाखत म्हटली की अश्लेषाच्या घशाला कोरड पडायची आणि कोरड पडली की हाताशी असेल तो सगळ्यात लहान शब्द बाहेर पडायचा. (लग्न ठरतानाही असंच झालं होतं. सुमेधने विचारलं, "विरारला राहायला चालेल ना?" ती "हो" म्हणाली, कारण "तिथे पाण्याचं कसं आहे?" हे वाक्य लांब होतं.)

मुलाखत होती चंदनसार रस्त्यावरच्या दोन खोल्यांच्या वाचनालयात, मदतनिसाच्या जागेसाठी. हरिश्चंद्र सर म्हणजे निवृत्त शिक्षक, वाचनालयाचे चालक, मालक आणि झाडूवालेसुद्धा. आता गुडघे बोलायला लागले म्हणून त्यांना माणूस हवं होतं. आणि अश्लेषाला ही नोकरी हवी होती, नुसती हवी नव्हती, तर अख्ख्या वसई तालुक्यात तिच्यासाठी ही एकच नोकरी बनलेली आहे अशी तिची खात्री होती. बी.ए. झाल्यावर ती अंधेरीच्या एका ऑफिसात टेलिफोनवर लागली होती. फोन वाजला की ती दचकायची. दिवसाला दीडशे फोन यायचे. चौथ्या दिवशी साहेबच हात जोडून म्हणाले, "बाई, तुम्ही दचकता तेव्हा मी दचकतो. माझं ब्लडप्रेशर आहे." वाचनालयात मात्र काहीच वाजत नव्हतं. सरांच्या गुडघ्यांशिवाय.

सरांनी तिचं सभासद कार्ड पाहिलं. महिन्याला अकरा पुस्तकं. भुवया वर गेल्या. मग ते उठले, कपाटाच्या तळातून एक लाल कापडात बांधलेलं पुस्तक काढलं आणि टेबलावर ठेवलं.

"ही?"

"वाचलीय."

"किती दिवसांत?"

"एका दुपारात, सर." (हे तिने जरा मान ताठ करून सांगितलं. पुढे ही मान आठवडाभर दुखणार होती.)

सरांनी चष्मा काढून पुसला. "मग एवढंच सांगा. शेवटी दार वाजतं, तेव्हा भागी दार का उघडत नाही?"

अश्लेषाला दार आठवेना. खरं तर तिला भागीही धड आठवेना. एक म्हातारी होती, एक खाडी होती, आणि वाक्यं होती, एकेक वाक्य दोन-दोन पानांचं. अशा पानांवर तिची एक पद्धत होती: डोळे उजव्या समासाला धरून सरळ खाली उतरायचे, कुठे अवतरणचिन्ह दिसलं तर थांबायचं, नाही तर पान उलटायचं. जिन्यावरून घाईत उतरताना आपण कठडा धरतो तसं. या कादंबरीत तिने सगळा कठडाच धरला होता, पायऱ्या लागल्याच नव्हत्या.

"भीती वाटते म्हणून?" ती म्हणाली.

"कोणाला?"

"भागीला... म्हणजे मलाही."

सर हसले नाहीत. पुस्तक तिच्याकडे सरकवून म्हणाले, "पुढच्या गुरुवारी या. उत्तर घेऊन या. कोणाला विचारायला जाऊ नका, गावात दुसऱ्या कोणी ही वाचलेली नाही."

"आणि सर... चुकलं तर?"

"अजून दोन उमेदवार आहेत. त्यातल्या एकाला टायपिंग येतं."

घरी येऊन अश्लेषाने पुस्तक उघडलं. आतलं नावाचं पान बाइंडरने कधीच गिळलं होतं. पाठीवर फक्त वाचनालयाचा दाखलअंक होता: ११४२. बाइंडरने त्याच आठवड्यात कुठल्याशा देवळाच्या पोथ्या बांधल्या असाव्यात, कारण कापड लालभडक होतं आणि एका कोपऱ्यात चुकून जरीची पट्टीसुद्धा आली होती. म्हणजे एका दुपारात वाचलेल्या या कादंबरीचं नावसुद्धा तिला ठाऊक नव्हतं!

पहिलं वाक्य असं होतं: "चिखल होता आणि चिखलात पाय होते आणि पाय भागीचे होते की पाण्याचे हे चिखलाला अजून ठरवायचं होतं..." आणि असंच पुढे, पान संपलं तरी चिखलाचं ठरत नव्हतं. अश्लेषाचे डोळे नेहमीप्रमाणे पळत सुटले. तिने त्यांना धरून परत आणलं. ते पुन्हा सुटले. पाचव्यांदा आणल्यावर तिच्या लक्षात आलं, की डोळ्यांना लगाम नसतो, पण तोंडाला असतो. मोठ्याने वाचायचं! तोंड काही उजव्या समासावरून घसरत खाली जाऊ शकत नाही.

हा निर्णय तसा बरोबर होता. चूक झाली ती जागेत.

दुपारी दोन वाजता त्यांच्या घरात उजेड एकाच ठिकाणी यायचा, तो म्हणजे हॉलच्या कोपऱ्यातल्या देव्हाऱ्यापुढे. खुर्चीवर वाळलेले कपडे होते, म्हणून ती पाटावर बसली. पुस्तक मांडीवर जड होत होतं, म्हणून समोर चौरंग ओढला. मुलाखतीसाठी सकाळी न्हायली होती, म्हणून केस ओले आणि मोकळे होते. आणि ओळ चुकू नये म्हणून शब्दाखाली बोट धरून, एकेक शब्द सुटा करत, ती संथ सुरात वाचू लागली.

आतल्या खोलीत तिच्या सासूबाई, आशालताबाई, दुपारच्या वामकुक्षीतून जाग्या झाल्या. बाहेर येऊन बघतात तर काय! ज्या सुनेला आरतीचं तिसरं कडवं आठवत नाही, ती सून ओल्या केसांनी, पाटावर, देवापुढे, लाल कापडातली पोथी उघडून बसलेली. आशालताबाईंनी पदर डोक्यावरून घेतला आणि हात जोडून मागे भिंतीला टेकून बसल्या.

अश्लेषाने पान उलटलं तेव्हा तिला मागे कोणीतरी दिसलं. ती एवढी दचकली, की चौरंग दोन इंच पुढे गेला.

"आई! तुम्ही..."

आशालताबाईंनी ओठांवर बोट ठेवलं. मध्ये बोलायचं नाही, पुढे चालू दे. अश्लेषाने घाबरून पुढे चालू दिलं. साडेचारला तिसावं पान संपलं तेव्हा तिचा आवाज बसला होता आणि सासूबाई उठल्या होत्या. त्यांनी पुस्तकावर आधी हळद, मग कुंकू वाहिलं, आणि वाचनालयाचं पुस्तक आहे हे ओरडून सांगायला अश्लेषाच्या तोंडात थुंकीसुद्धा उरली नव्हती.

"गुरुवारी सुरुवात केलीस. चांगलं केलंस," सासूबाई म्हणाल्या. "किती दिवसांचं?"

"सातच दिवस आहेत माझ्याकडे."

"सातच बरे. आणि मनात काय धरलंयस?"

"नोकरी, आई. वाचनालयातली."

"होईल हो," आशालताबाई म्हणाल्या आणि लग्नाला वर्ष व्हायच्या बेताला पहिल्यांदा त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. अश्लेषाला भरून आलं. सगळे प्रश्न नीट विचारले गेले, सगळी उत्तरं खरी दिली गेली, तरी काहीतरी कुठेतरी फार चुकतंय असं तिला वाटत होतं. काय ते कळेपर्यंत रात्रीच्या जेवणाची वेळ झाली.

"भाजीत कांदा नाही?" सुमेधने ताट पाहून विचारलं.

"सात दिवस नाही," आशालताबाई म्हणाल्या. "लसूणही नाही. तुझी बायको बसलीय."

"कुठे बसलीय?"

"पारायणाला."

सुमेधने अश्लेषाकडे पाहिलं. तिने मान हलवली. त्या मानेचा अर्थ "नाही" असा होता, पण ती इतकी घाबरलेली होती, की मान उभी हलली की आडवी हे दोघांनाही सांगता आलं नसतं.

"आई, अंडं तरी चालेल ना?"

आशालताबाईंनी नुसतं पाहिलं. सुमेधने मुकाट्याने दुधी वाढून घेतला.

दुसऱ्या दिवशी दोनच्या ठोक्याला तळमजल्यावरच्या द्वारकाकाकू आल्या, वाती वळायचा डबा घेऊन. मागोमाग समोरच्या फ्लॅटमधली सालोमी, ब्लाउजांचं हातशिलाईचं काम घेऊन. सालोमी मूळची वसई गावातली, चर्चच्या मागच्या गल्लीतली. तिने दारातूनच विचारलं, "मी आलेली चालते ना गं बाय? आमच्यात पण नोव्हेना असते. पण नऊ दिवस. तुमच्यात सातात उरकते?"

"ये, बस," आशालताबाई म्हणाल्या. "ऐकायला कसली जात?"

अश्लेषाने सांगायला तोंड उघडलं. पण समोर तीन बायका मांडी घालून बसल्यावर "ही पोथी नाही" म्हणायला जी छाती लागते, ती छाती अंधेरीच्या ऑफिसातच राहिली होती. तिने बोट ठेवलं आणि वाचायला लागली.

आणि लगेच अडली. कारण द्वारकाकाकू "हं" म्हणाल्या.

आता हे "हं" प्रकरण जरा समजावून घ्यायला हवं. द्वारकाकाकूंचं लहानपण कोकणात, वडिलांच्या मांडीशी बसून पोथ्या ऐकण्यात गेलेलं. वाचणाऱ्याने एक वाक्य वाचायचं, ऐकणाऱ्याने "हं" म्हणायचं. "हं" म्हणजे पोचलं. "हं" आलं नाही तर पुढे जायचं नाही. अश्लेषाला वाटलं सोपं आहे. पण या कादंबरीत वाक्य संपतच नव्हतं. ती वाचत राहिली, काकू "हं" तोंडात धरून वाट बघत राहिल्या, आणि दीड पानानंतर कसाबसा पूर्णविराम आला तेव्हा काकूंनी सोडलेलं "हं" असं होतं, की देव्हाऱ्यातली समई फडफडली.

"असं नको गं," काकू म्हणाल्या. "जिथे तुझा श्वास संपेल तिथे थांब. मी तिथे म्हणेन."

सत्तेचाळिसाव्या पानावर पुन्हा चिखल आला. चार पानं नुसता चिखल. अश्लेषाची जुनी सवय उसळली, तिने अलगद बोट उचललं आणि एकदम एक्कावन्नाव्या पानावर ठेवलं, "भागीने चूल पेटवली आणि..."

"थांब." काकूंच्या हातातली वात थांबली. "आत्ता ती चिखलात होती. घरात कधी आली?"

"पाय पण धुतले नाय," सालोमी म्हणाली.

"आली असेल, काकू," अश्लेषा म्हणाली. "मध्ये नुसतं वर्णन आहे."

"मग वाच की ते. आम्हाला काय ट्रेन पकडायचीय?"

अश्लेषाचे कान लाल झाले. (कॉलेजात ज्या युक्तीने तिने दोन वर्षांचा अभ्यासक्रम पार केला होता, ती एका वात वळणाऱ्या बाईने पाऊण मिनिटात पकडली.) ती मागे गेली. चिखल वाचला, सगळा, श्वास संपेल तिथे थांबत, "हं" घेत. आणि त्या चिखलात, एका वाक्याच्या पोटात, एक गोष्ट होती. भागीचा मुलगा लहान असताना खाडीवरून चिखलाने माखून यायचा आणि बाहेरून दार वाजवायचा. भागी आतून म्हणायची, "कोण?" तो बोलायचा नाही. मग तीही उघडायची नाही. शेवटी न राहवून तो ओरडायचा, "मी!" आणि मग दार उघडायचं. हा त्यांचा खेळ होता. मुलगा मोठा झाला, गलबतावर गेला, परत आला नाही.

वाचून झाल्यावर "हं" आलं नाही. अश्लेषाने मान वर करून पाहिलं. द्वारकाकाकू डब्यात वाती मोजून ठेवत असल्यासारखं करत होत्या. त्यांचा थोरला मस्कतला होता, हे अश्लेषाला ठाऊक होतं. दोन वर्षं आला नव्हता हेही.

"वाच पुढे," काकू म्हणाल्या.

चौथ्या दिवशी मात्र भांडं फुटलं. बावीस ओळींच्या एका वाक्यात भागीने बिडी ओढली, नावाड्याला आईवरून शिवी दिली आणि माडी प्यायली, ती आधी प्यायली की नंतर हे लेखकाने वाचकावर सोडलं होतं. हॉलमध्ये तोवर सात बायका जमल्या होत्या. सातही जणी एकदम आशालताबाईंकडे वळल्या. आशालताबाईंचा चेहरा, सायीवर माशी पडल्यावर होतो, तसा झाला.

अश्लेषा रडायच्या बेतात आली. "आई, ही पोथी नाहीय. कादंबरी आहे. वाचनालयाची. मी पहिल्या दिवशीच सांगणार होते, पण तुम्ही ओठांवर बोट ठेवलंत आणि मग हळद वाहिलीत आणि..."

मग द्वारकाकाकू म्हणाल्या, "मग? पोथीत तरी काय असतं? गोष्टच असते. ती होडीतून उतरली का नाही, ते वाच."

"पण माडी?" कोणीतरी म्हणालं.

"दमली असेल," सालोमी म्हणाली. "दिवसभर चिखलात होती बिचारी."

सगळ्यांनी निकालासाठी आशालताबाईंकडे पाहिलं. त्यांनी बराच वेळ देव्हाऱ्याकडे पाहिलं, बहुधा तिकडून काही हरकत येतेय का ते बघत होत्या. "सुरू केलेलं मोडायचं नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "सात म्हणजे सात. आणि कांदा-लसूण बंदच राहील."

(त्या रात्री हे ऐकून सुमेध म्हणाला, "कादंबरीला कशाला कांदा बंद?" त्याला कोणीच उत्तर दिलं नाही. घरात त्याचं बरोबर असलं की असंच व्हायचं.)

आता बिल्डिंगमध्ये दुसरा विषयच उरला नाही. जिन्यात, गच्चीत, पिठाच्या गिरणीत, सगळीकडे भागी. भागी पहिल्या प्रकरणात मेलेली असते, पाचव्यात जन्मते आणि सातव्यात स्वतःच्या बारशाला जेवायला जाते. पहिल्या वाचनात याने अश्लेषाचं डोकं गरगरलं होतं, बायकांना मात्र काही वाटलं नाही. "आठवणी अशाच येतात," द्वारकाकाकू म्हणाल्या, "रांगेत कुठे उभ्या राहतात त्या?" अश्लेषाने हे वाक्य लिहून घेतलं. बी.ए.च्या नोटांमध्ये हेच सांगायला साडेतीन पानं लागली होती.

आणि तिच्याही नकळत तिचे डोळे पळायचे थांबले. पुढे काय होईल याची धाकधूक अजून होती (ती तिची जन्माचीच), पण आता ती धाकधूक एका शब्दाजवळ बसून करता यायची.

पण दाराचं कोडं सुटत नव्हतं. रोज रात्री ती सुमेधला एकेक उत्तर ऐकवायची. म्हातारी बहिरी असेल. कडी गंजली असेल. चुलीवर दूध असेल.

"तू तरी कुठे उघडतेस?" तो म्हणाला. "परवा मी दहा मिनिटं बेल वाजवत होतो."

"बेल वाजली की मी दचकते. मग सावरायला वेळ लागतो."

"मग लिही तसं. भागी दचकली."

बुधवार उजाडला. सातवा दिवस, शेवटची अठ्ठावीस पानं, आणि दुसऱ्या दिवशी मुलाखत.

बुधवार टँकरचाही होता. नळाला पाणी यायचं ते नावापुरतं, खरं पाणी आठवड्यातून तीनदा धर्मा आणायचा. त्याची रीत ठरलेली: खाली हॉर्न द्यायचा, जिना चढून आशालताबाईंचं दार वाजवायचं, टाकीच्या झाकणाची चावी घ्यायची. चावी आशालताबाईंकडे, कारण सोसायटीत विश्वासाचा माणूस दुसरा कोणी नाही असं त्यांचं मत होतं आणि ते त्यांनीच सभेत मांडून मंजूर करून घेतलं होतं. धर्मा बोलत नसे. मुका नव्हता, पण तोंडात तंबाखूचा बार कायम असा ठासलेला, की चार वर्षांत बिल्डिंगमध्ये त्याचा आवाज कोणी ऐकला नव्हता. टँकर संध्याकाळी सहाला यायचा, म्हणून कोणी काळजीत नव्हतं. अख्ख्या बिल्डिंगच्या अकरा बायका हॉलमध्ये होत्या.

साडेतीन वाजता अश्लेषा शेवटून दुसऱ्या पानावर पोचली. भागी अंधारात तांदूळ निवडत बसलेली. बाहेर वारा. वाती वळणं थांबलं. सालोमीची सुई कापडात अर्धी राहिली. अश्लेषाने श्वास घेतला आणि वाचलं, "आणि दार वाजलं."

आणि दार वाजलं.

खरंच वाजलं. धाड, धाड, धाड.

अश्लेषा किंचाळली. तिच्यामुळे आणखी चौघी किंचाळल्या. पुस्तक चौरंगावरून घसरलं, ते द्वारकाकाकूंनी झेललं. आशालताबाई सवयीने अर्ध्या उठल्या.

"बसा!" द्वारकाकाकू म्हणाल्या. आवाज असा, की आशालताबाई खरंच बसल्या. "कोण आहे?" काकूंनी दाराकडे पाहून विचारलं.

बाहेरून उत्तर नाही. पुन्हा धाड, धाड, धाड.

"कोण?"

काही नाही.

"बोलत नाय तर उघडू नका," सालोमी कुजबुजली. "आवाज द्यायला पायजे."

अकरा बायका आणि अश्लेषा दाराकडे बघत बसल्या. दारापलीकडे कोणीतरी उभं होतं, हे कळत होतं. चप्पल घासल्याचा आवाज आला. तिसऱ्यांदा दार वाजलं, जरा हळू. मग पावलं जिना उतरून गेली.

"वाच," काकू म्हणाल्या.

अश्लेषाने बोटाने ओळ शोधली. "... आणि भागी म्हणाली, कोण? आणि बाहेर कोणी बोललं नाही आणि भागीने पुढचा दाणा उचलला आणि वाट बघितली..." तिथेच कादंबरी संपत होती.

अश्लेषाने वर पाहिलं. तिचा घसा कोरडा होता, पण या वेळी शब्द लहान निघाला नाही. "ती थांबलीय," ती म्हणाली. "तो 'मी' म्हणेल म्हणून थांबलीय. उघडलं तर कोणीही निघेल. पण 'मी' म्हणाला तर तोच असणार. ती दार बंद करून नाही बसलेली, ती खेळ खेळतेय अजून."

"हं," द्वारकाकाकू म्हणाल्या. फार हळू. आणि डोळ्यांना पदर लावला.

कोणीतरी हुंदका दिला. सालोमीने कपाळापासून छातीपर्यंत क्रूस काढला. खाली रस्त्यावर एक इंजिन सुरू झालं, घरघरलं आणि लांब जाऊ लागलं, आणि त्या घरघरीत आशालताबाईंचा हात हळूहळू कमरेच्या किल्ल्यांकडे गेला.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "टँकर!"

बारा बायका चार मजले कशा उतरल्या ते कोणालाच आठवत नाही. खाली ओल्या चाकांच्या दोन रेघा होत्या, त्या सरळ पुढच्या बिल्डिंगमध्ये गेल्या होत्या आणि तिथे धर्मा पाइप सोडून उभा होता. हॉर्न बिघडलाय, गोखिवऱ्याच्या गॅरेजला पाच वाजता टँकर लावायचाय म्हणून लवकर आलो, दार वाजवलं तर आतून किंचाळ्या आल्या, म्हणून घाबरून गेलो, हे सगळं त्याने हातांच्या खुणांनी सांगितलं. तोंड तेव्हाही उघडलं नाही.

त्या संध्याकाळी सुमेध घामाघूम होऊन घरी आला, टॉवेल घेऊन मोरीत गेला आणि रिकामी बादली घेऊन बाहेर आला.

"पाणी का नाही?"

"भागीमुळे," अश्लेषा म्हणाली.

"ही भागी राहते कुठल्या मजल्यावर? मी जाऊन बोलतो तिच्याशी."

गुरुवारी सकाळी अश्लेषा अंग पुसून, दोन तांब्यांत जेवढं आवरता येईल तेवढं आवरून वाचनालयात गेली. सरांनी पुस्तक हातात घेतलं. कव्हरवर हळद, पहिल्या पानावर कुंकू, आणि उघडल्यावर टेबलावर अक्षता सांडल्या.

"हे काय?"

मग अश्लेषाने सांगितलं. आधी उत्तर सांगितलं, कारण ते विसरायची भीती होती, मग पानाचा नंबर, सत्तेचाळीस ते पन्नास, मग "हं", मग माडी, मग धर्मा. सर ऐकता ऐकता तीच पानं उलटत होते. शेवटी म्हणाले, "चिखलाची पानं सगळे उडवतात. मीही पहिल्यांदा उडवली होती. दुसऱ्यांदा वाचायला मला अकरा वर्षं लागली. तुम्हाला किती लागली?"

"सात दिवस, सर. आणि एक टँकर."

सरांनी अक्षता गोळा करून खिशात टाकल्या. "सोमवारपासून या," ते म्हणाले.

अश्लेषा एवढी दचकली, की "थँक यू" म्हणायच्या ऐवजी तिने सरांना "हं" म्हटलं.

बातमी बिल्डिंगमध्ये पोचली आणि बिल्डिंगमधून पुढे. आशालताबाईंनीच पोचवली. सात दिवस, कांदा-लसूण वर्ज्य, आणि आठव्या दिवशी सरळ नोकरीची ऑर्डर. दुसऱ्याच आठवड्यात वाचनालयात पार जूचंद्र गावापासूनच्या बायका यायला लागल्या. "ती लाल पोथी आहे का, नोकरी देणारी?" अकराशे बेचाळीस, जी कपाटाच्या तळाशी पडलेली असायची, तिच्यासाठी वहीत सोळा नावं लागली. सरांनी टेबलाआडून हे पाहिलं आणि त्यांना इतका आनंद झाला, की ते गुडघे विसरून दोनदा उभे राहिले. अश्लेषाला वाटलं, आपण काहीतरी केलंय आयुष्यात. हळू वाचायला शिकलो आणि अख्ख्या विरार पूर्वेला शिकवणार.

पहिला नंबर होता पलीकडच्या बिल्डिंगमधल्या एका बाईंचा, ज्यांना त्या दिवशी जादा पाणी मिळालं होतं. अश्लेषाने पुस्तक दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे ठेवलं.

"सावकाश वाचा हं," ती म्हणाली. "चिखलाची पानं सोडू नका."

बाईंनी पुस्तक हातात तोललं. "तुम्ही किती दिवस केलंत?"

"सात."

"कांदा-लसूण सोडून?"

"हो."

बाईंनी खोलीभर नजर फिरवली. धुळीचं फडकं, डगमगतं स्टूल, खुंटीवरची छत्री आणि शेवटी अश्लेषा. पुस्तक अलगद परत टेबलावर ठेवलं.

"मग राहू दे," त्या म्हणाल्या. "माझी भाची दुसऱ्या एका पोथीला बसली होती, तीनच दिवस, तेही कांदा खाऊन. तिला बँक लागली."

मागे उभ्या असलेल्या पंधरा जणींनी ते ऐकलं, आणि सगळ्या जणी मुळीच घाई न करता, अगदी सावकाश, निघून गेल्या.